रान मोकळं, चाडं भरलेलं

ज्वारी काढून झाली की म्हणतात, रान मोकळं झालं. बांधावर उभं राहून पाहिलं तर मात्र ते रान रिकामं दिसत नाही. पेरणीच्या ओळी तशाच असतात, धसकटं उभी असतात, बांध जागचा हललेला नसतो. गोठ्यापाशी टेकवून ठेवलेल्या तिफणीच्या चाड्यात हात घातला, तर मागच्या पेरणीचे चार दाणे बोटांना लागतात. चाडं न झटकता पुढच्या पेरणीला मूठ धरली, की उडदाच्या ओळीत ज्वारीचं रोप उगवतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ईटला बहिणीच्या घरी ओसरीवर बसलो असताना हेच मी लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिलं.

ईट हे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातलं गाव. भूमचा हा सगळा पट्टा खव्यासाठी ओळखला जातो. कुंथलगिरीही याच तालुक्यात. माझी भाची संगणकाची पदविका करते. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या या पदविकेत ‘ॲडव्हान्स्ड जावा प्रोग्रामिंग’ नावाचा विषय असतो, आणि त्यात जावा भाषेत खिडक्या, बटणं, मजकुराच्या चौकटी कशा उभ्या करायच्या हे शिकवतात. भाचीनं सरावासाठी गावाचा सूचना फलक केला होता. वर ‘जाड’, ‘लाल’, ‘मधोमध’ अशी बटणं, मध्ये मोठी पांढरी चौकट, खाली ‘नवी सूचना’ असं बटण. चौकटीत सूचना लिहायची, शीर्षक रंगवायचं, काम झालं की ‘नवी सूचना’ दाबायचं. पान कोरं.

तिनं ‘ग्रामसभा’ असं लाल, जाड, मधोमध लिहिलं आणि ‘नवी सूचना’ दाबलं. पान पांढरंफटक झालं. मग तिनं साधं ‘पाणीपट्टी’ लिहायला घेतलं. पहिलंच अक्षर उमटलं ते लाल, जाड आणि मधोमध.

“बघा की मामा,” ती म्हणाली, “पुसलं तरी पुसत नाही. आणि दरवेळी असं होतच नाही. कधी लाल येतं, कधी काळं.”

कधी लाल, कधी काळं, हे ऐकून मी सरसावून बसलो. यंत्र लहरी नसतं. ते दोन तऱ्हांनी वागत असेल, तर आपल्याला न दिसणारं काहीतरी त्याला दिसत असतं. ते काय, हे शोधताना दुपार कलली आणि एका रिकाम्या पांढऱ्या चौकटीच्या पोटात केवढं जग आहे ते कळलं. तेच इथं सांगतो.

चौकट दिसते एक, असतात तिघं

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं १९९५ मध्ये जगापुढे आणली. जेम्स गॉस्लिंग हे तिचे जनक. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या-बटणं मांडण्याचा तिचा मोठा संच म्हणजे स्विंग. तो डिसेंबर १९९८ मध्ये जावाच्या १.२ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती आला. आज तो जुना वाटेल, पण आपल्या आसपास तो भरपूर आहे. मोबाईलमधली बहुतेक अँड्रॉइड ॲप ज्या अँड्रॉइड स्टुडिओत लिहिली जातात, त्याच्या खिडक्या स्विंगच्याच. मुंबईच्या एनएसडीएलनं टीडीएसची विवरणपत्रं भरण्यासाठी दिलेलं ‘आरपीयू’ चालवायचं तर आधी संगणकावर जावा बसवावं लागतं, हे गावोगावच्या कर सल्लागारांना आणि लेखनिकांना पाठ आहे.

स्विंगमध्ये मजकुराच्या चौकटी अनेक प्रकारच्या असतात. नाव, गाव भरायची एका ओळीची चौकट वेगळी. लांब पण एकाच छापाचा मजकूर घेणारी वेगळी. आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा रंग, जाडी, आकार देता येतो ती जेटेक्स्टपेन. भाचीनं वापरली होती ती हीच.

आपल्याला ती एकच वस्तू वाटते. आत तिघं जण कामं वाटून घेऊन बसलेले असतात. पहिलं डॉक्युमेंट: मजकूर काय आहे आणि त्याचे गुण काय, हे त्याच्याकडे. दुसरा दाखवणारा: तो डॉक्युमेंट वाचतो आणि पडद्यावर रंगवतो. तिसरा एडिटरकिट, म्हणजे लिहिण्या-खोडण्याची अवजारं सांभाळणारा. माहिती एकीकडे आणि तिचं दर्शन दुसरीकडे ठेवायचं, हा विचार नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत मांडला होता. स्विंगनं तो आपल्या पद्धतीनं घेतला.

या वाटणीतच आमच्या कोड्याचं मूळ होतं. भाचीच्या बटणानं एकालाच निरोप दिला होता, ‘मजकूर काढून टाक’. बाकीच्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

कोऱ्या पानावरचं एक अक्षर

आम्ही चौकटीत फक्त गावाचं नाव लिहिलं: ईट. मग त्या डॉक्युमेंटच्या पोटात डोकावलो.

जावा प्रत्येक अक्षर युनिकोडच्या क्रमांकानं ओळखते. ‘ई’चा क्रमांक २३१२, ‘ट’चा २३३५. देवनागरीची ही सगळी वस्ती २३०४ पासून सुरू होते. भारतात आधी तयार झालेल्या ‘इस्की’ या प्रमाणसंकेताच्या १९८८ च्या मांडणीवर ती बेतलेली आहे. ‘ईट’ला काना-मात्रा नाही, जोडाक्षर नाही, म्हणून जितकी अक्षरं दिसतात तितकीच आत असतात. दोन. ‘धाराशिव’ लिहिलं तर डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण आत सात जागा जातात: ध, काना, र, काना, श, वेलांटी, व. त्यातही ‘शि’ची पहिली वेलांटी पडद्यावर ‘श’च्या आधी दिसते आणि पोटात ‘श’च्या नंतर असते. आपण उच्चारतो त्या क्रमानं ती ठेवली जाते आणि दाखवताना पुढे आणली जाते.

तर ‘ईट’ची लांबी दोन. डॉक्युमेंटला ‘गेटलेंग्थ’ असं विचारलं, की उत्तर येतं दोन. पण त्याच डॉक्युमेंटच्या मुळाला विचारलं, ‘तू कुठं संपतोस?’ तर उत्तर येतं तीन.

हा तिसरा कोण?

तो आहे ओळ संपल्याची खूण. आपण एंटर दाबल्यावर जी पडते तीच. ही खूण आम्ही टाकलेली नव्हती. डॉक्युमेंट जन्माला येतं तेव्हाच ती तिथं ठेवलेली असते. मजकूर साठवण्यासाठी जावा सुरुवातीला ४०९६ अक्षरांची जागा घेते, आणि आपण काही लिहिण्याच्या आधीच त्यातलं एक घर या खुणेनं भरलेलं असतं. लांबी सांगताना डॉक्युमेंट तिला मोजत नाही. आपण सगळा मजकूर काढून टाकला, तरी तिला हात लागत नाही. कारण काढून टाकायचा हुकूम ‘शून्यापासून लांबीपर्यंत’ असा असतो आणि खूण बरोबर त्या लांबीच्या पलीकडे उभी असते.

म्हणून जावातलं कोरं पान कधीच पूर्ण कोरं नसतं. त्यावर एक न दिसणारं अक्षर कायम असतं. रानातलं पीक गेलं तरी बांध राहतो, तसं.

का ठेवतात ते? त्याचं उत्तर सुंदर आहे. डॉक्युमेंट म्हणजे सुटी अक्षरं नव्हेत, ते एक झाड असतं. मुळाशी संपूर्ण मजकूर, त्याच्या फांद्या म्हणजे परिच्छेद, आणि परिच्छेदाची पानं म्हणजे एकसारख्या गुणांचे तुकडे. आम्ही ‘ई’ जाड केली, ‘ट’ लाल केला. झाडाला तीन पानं दिसली: ० ते १ जाड, १ ते २ लाल, २ ते ३ साधी खूण. आता ही खूण नसती, तर मजकूर शून्य झाल्यावर परिच्छेद कशाच्या आधारानं उभा राहिला असता? फांदीला धरून ठेवायला एक तरी पान हवं. ओळ मधोमध आहे की डावीकडे, हे त्या परिच्छेदावर लिहिलेलं असतं. परिच्छेद टिकला की ‘मधोमध’ही टिकतं.

भाचीचं अर्धं कोडं इथं सुटलं. अक्षरं गेली होती, पण ज्या ओळीत ती बसली होती ती ओळ गेली नव्हती. तिच्यावरचा ‘मधोमध’ हा शिक्का शाबूत होता.

वर्ड वापरणाऱ्यांनी हे वेगळ्या रूपात पाहिलेलं असेल. तिथंही परिच्छेदाची ठेवण त्याच्या शेवटच्या खुणेत साठवलेली असते. एरवी ती खूण लपलेली असते, आणि ती खोडली गेली की दोन परिच्छेद एकमेकांत मिसळून ठेवण बिघडते. बिघडलं कसं, हे मग समजत नाही.

खोडणं म्हणजे फट रुंदावणं

‘काढून टाक’ म्हटल्यावर मजकुराचं नेमकं काय होतं, तेही बघण्यासारखं आहे.

अक्षरं एका लांब रांगेत घरं करून बसलेली असतात. मध्येच एक अक्षर घालायचं म्हटलं, तर पुढच्या सगळ्यांना एकेक घर सरकावं लागेल. हजार ओळींच्या मजकुरात प्रत्येक कळ दाबल्यावर एवढी सरकासरकी परवडणारी नाही. म्हणून रांगेत, जिथं लिहिणं चाललं आहे तिथंच, रिकाम्या घरांची एक फट ठेवतात. नवं अक्षर आलं की फटीच्या एका कडेचं घर भरतं आणि फट एका घरानं अरुंद होते. लिहिण्याची जागा बदलली तरच फट हलवावी लागते. ही युक्ती ईमॅक्स या जुन्या संपादकामुळे नावारूपाला आली, आणि स्विंगच्या डॉक्युमेंटनं तीच घेतली.

खोडताना उलटं होतं. अक्षरांवर बोळा फिरवायची गरजच नसते, फटीची कड पुढे सरकवली की झालं. एक अक्षर खोडलं तर फट एका घरानं रुंदावते. सगळं खोडलं तर सगळी रांगच फट होते आणि एका टोकाला ती खूण तेवढी उरते. म्हणजे ‘पुसणं’ हा शब्दच इथं थोडा फसवा आहे. जावा पुसत नाही, जागा मोकळी झाल्याची नोंद करते.

शिवाय चूक सुधारायची, म्हणजे मागे जाण्याची सोय प्रोग्राममध्ये ठेवली असेल, तर काढलेला मजकूर तिकडे जपून ठेवला जातो. धान्य रानातून निघून पेवात जावं तसा. स्विंगचा ‘अंडूमॅनेजर’ मुळात अशा शंभर फेरफारांपर्यंत आठवण ठेवतो. आपण पान कोरं केलं, समोरच्यानं कंट्रोल आणि झेड दाबलं, की आधीची सूचना जशीच्या तशी परत. गोपनीय काही लिहिलं असेल, तर ही गोष्ट विसरून चालत नाही.

चाड्यातलं बी

राहिला लाल आणि जाड. तो परिच्छेदावर नव्हता, अक्षरांवर होता, आणि अक्षरं तर गेली होती. मग नव्या अक्षराला लाल रंग दिला कुणी?

इथं तो तिसरा, अवजारं सांभाळणारा एडिटरकिट, पुढे येतो. त्याच्याकडे गुणांचा एक छोटा संच कायम भरलेला असतो: ‘आता जे अक्षर उमटेल, ते कसं उमटेल’. आपण लाल शब्दाच्या मध्ये कर्सर नेतो आणि टाइप करतो, तेव्हा नवं अक्षर आपोआप लाल येतं, ते या संचामुळे. कर्सर हलला की एडिटरकिट जवळच्या अक्षराचे गुण वाचतो आणि आपला संच बदलतो. तिफण चालवणारा ओळ बदलताना चाड्यात कोणतं बी आहे ते बघतो, तसं.

आता बारकाई अशी. पान पूर्ण कोरं असेल, म्हणजे फक्त ती खूण उरली असेल आणि तिच्यावर कोणतेच गुण नसतील, तर एडिटरकिट आपला संच बदलत नाही. आधी जो होता तोच हातात ठेवतो. जावाच्या मूळ प्रोग्राममध्ये याची अट स्पष्ट लिहिलेली आहे. तुकड्यावर काही गुण असतील, किंवा तो एका अक्षराहून लांब असेल, किंवा तो मजकुराच्या शेवटाच्या आधी संपत असेल, तरच जुना संच रिकामा करून नवा भर. आमच्या कोऱ्या पानावरच्या एकुलत्या एक खुणेला यातली एकही गोष्ट लागू होत नव्हती.

‘कधी लाल, कधी काळं’चा उलगडा झाला. भाची लाल शीर्षकावर थांबून ‘नवी सूचना’ दाबायची, तेव्हा चाड्यात लाल बी असायचं आणि ते तसंच राहायचं. शीर्षकाखाली साध्या काळ्या अक्षरात मजकूर लिहून मग दाबायची, तेव्हा चाड्यात आधीच साधं बी आलेलं असायचं. म्हणून नवी सूचना काळी. यंत्र दोन्ही वेळा एकाच नियमानं वागत होतं.

हा दोष आहे का? मला आधी तसंच वाटलं. मग भाचीनंच विचारलं, “पण मामा, कोऱ्या पानावर मी आधी ‘लाल’ दाबलं आणि मग लिहायला लागले, तर?” तिचा प्रश्न ऐकला आणि त्या अटीमागचा माणूस दिसला. कोऱ्या पानावर आपण ‘जाड’ दाबतो, तेव्हा जाड करायला तिथं अक्षर नसतं. आपण फक्त इच्छा सांगितलेली असते. कर्सर जरा हलल्यासारखा झाला आणि एडिटरकिटनं त्या ओक्याबोक्या खुणेकडे बघून संच रिकामा केला असता, तर ती इच्छा पहिलं अक्षर उमटण्याआधीच वाया गेली असती. म्हणून कुणीतरी विचार करून ठरवलं, की रिकाम्या पानावर लिहिणाऱ्याचा शब्द मानायचा. स्विंगच्या मजकूर विभागातल्या अनेक मूळ फाइलींच्या माथ्यावर लेखक म्हणून टिमोथी प्रिंझिंग हे नाव आजही वाचता येतं. २००७ पासून जावाचा मूळ प्रोग्राम सर्वांना वाचायला खुला आहे. ईटच्या ओसरीवर बसून आम्ही तो वाचला.

मूळपदावर आणायचं तर

रिकामं करणं आणि मूळपदावर आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढं कळलं की उपाय अवघड राहत नाही. कुठं कुठं आठवण साठते ते मोजायचं आणि तिथं तिथं जायचं.

पहिला मार्ग: तेच रान, नीट साफ करून. आधी ‘सेटटेक्स्ट’ला रिकामा मजकूर द्यायचा. अक्षरं गेली. मग ‘सेटपॅराग्राफॲट्रिब्यूट्स’ला रिकाम्या गुणांचा संच द्यायचा आणि सोबत ‘बदलून टाक’ असं सांगायचं. ओळीवरचा ‘मधोमध’ गेला. परिच्छेदाला नाव असलेली एखादी शैली लावली असेल, तर ती ‘डिफॉल्ट’ या मूळ शैलीवर आणायची. शेवटी ‘सेटकॅरॅक्टरॲट्रिब्यूट्स’लाही तसाच रिकामा संच आणि तसंच ‘बदलून टाक’. एरवी हा हुकूम निवडलेल्या अक्षरांवर चालतो. काहीच निवडलेलं नसेल, तेव्हा तो थेट एडिटरकिटच्या हातातल्या संचावर चालतो. चाडं झटकलं गेलं. मागे जाण्याची सोय असेल, तर ‘डिस्कार्डऑलएडिट्स’ म्हणून पेवही रिकामं करायचं.

या सगळ्यात ‘बदलून टाक’ या एका होकाराला फार किंमत आहे. तो दिला नाही, तर रिकामा संच जुन्या गुणांमध्ये मिळवला जातो. शून्य मिळवल्यानं काय बदलणार? लाल लालच राहतं, आणि हुकूम तर आपण दिलेला असतो. भाचीनं हा अनुभवही घेतला. तिच्या पहिल्या प्रयत्नात तिथं नकार होता.

दुसरा मार्ग: रानच नवं घ्यायचं. ‘डिफॉल्टस्टाइल्डडॉक्युमेंट’ नवं तयार करायचं आणि चौकटीला द्यायचं. जुना मजकूर, जुने परिच्छेद, जुन्या शैली, सगळं एका फटक्यात बाजूला. हा मार्ग छोटा दिसतो, पण यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जुन्या डॉक्युमेंटवर लक्ष ठेवायला जे राखणदार बसवलेले असतात, म्हणजे मजकूर बदलला की अक्षरं मोजणारे, मागे जाण्यासाठी नोंद करणारे, ते नव्या रानावर आपणहून येत नाहीत. ते जुन्याच माळ्यावर गोफण धरून बसून राहतात. त्यांना नव्या डॉक्युमेंटवर पुन्हा नेमावं लागतं. दुसरी गोष्ट, चाडं रानाच्या मालकीचं नसतं. गुणांचा तो संच एडिटरकिटकडे असतो, म्हणून डॉक्युमेंट बदललं तरी तो वेगळा झटकून घ्यावा.

आणखी एक शिस्त दोन्ही मार्गांना लागू. स्विंगमधली पडद्याची सगळी कामं एकाच रांगेतून, एकामागोमाग एक व्हायला हवीत. मागच्या दारानं दुसऱ्या कुणी त्याच वेळी मजकूर बदलला, तर रंगवणारा अर्ध्यातच फसतो. बटण दाबल्यावर होणारं काम त्या रांगेतच होतं, म्हणून भाचीला त्रास झाला नाही. इंटरनेटवरून सूचना आणून चौकटीत टाकायची असती, तर ते काम रांगेत लावून द्यावं लागलं असतं.

आम्ही पहिला मार्ग घेतला. चार ओळी वाढल्या. भाचीनं ‘ग्रामसभा’ लाल, जाड, मधोमध लिहिलं, ‘नवी सूचना’ दाबलं, आणि ‘पाणीपट्टी’ डाव्या कडेला साध्या काळ्या अक्षरांत उमटलं. तिनं ते पाच वेळा करून पाहिलं.

जी नोंद पुसली जात नाही

मूळ प्रोग्राम वाचता वाचता शेवटी एक गोष्ट सापडली. ती कोड्याशी जोडलेली नव्हती, पण मला सर्वांत जवळची वाटली.

इंग्रजी अक्षरं एकाशेजारी एक मांडली की झालं. देवनागरीचं तसं नाही. वेलांटी पुढे आणायची, रफार डोक्यावर चढवायचा, ‘क्ष’ घडवायचा. हे काम वेगळं आणि वेळखाऊ. जावाच्या खिडक्यांमध्ये देवनागरी नीट दाखवायची सोय २००२ सालच्या १.४ या आवृत्तीत आली. २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ हे खुलं साधन करतं. पण प्रत्येक मजकुराला ही मेहनत लागत नाही. म्हणून डॉक्युमेंट आपल्याजवळ एक हो-नाहीची नोंद ठेवतं: ‘इथं जास्त काळजी लागणारी लिपी आली आहे का?’ सुरुवातीला उत्तर ‘नाही’ असतं. मजकूर आत येताना डॉक्युमेंट त्याची अक्षरं तपासतं. देवनागरीचं पहिलं अक्षर आत आलं, की नोंद ‘हो’ होते. पुढे ती तपासणीही थांबते, कारण उत्तर मिळालेलं असतं.

मजकूर काढून टाकला की ती नोंद परत ‘नाही’ होते का? होत नाही. काढण्याच्या हुकुमात तिचा उल्लेखच नाही. आम्ही ओळीवरचे शिक्के काढले, चाडं झटकलं, पेव रिकामं केलं, तरी ही नोंद तिथंच होती. तिनं काही बिघडत नाही, पुढचं मराठी अक्षर आलं की त्याची तयारी झालेली असते इतकंच. ती नको असेल, तर डॉक्युमेंटच नवं घ्यावं लागतं.

तुमच्या घरात कुणी जावा शिकत असेल, तर हा प्रयोग त्यांच्या शेजारी बसून जरूर करा. नवी जेटेक्स्टपेन घ्या, आपल्या गावाचं नाव तिच्यात मराठीत लिहा, मग सगळं पुसा आणि त्या कोऱ्या पानाला तीन प्रश्न विचारा. आम्ही ईटला विचारले तेव्हा मिळालेली उत्तरं अशी. तुझी लांबी किती? शून्य. तू संपतोस कुठं? एकवर. तुझ्यात देवनागरी येऊन गेली का? हो.